'डायस्पोरा' म्हणजे काय? एका शब्दाची ओळख

या स्मरणिकेची जुळवाजुळव चालू असताना संपादक मंडळाकडे परदेशात नोकरीस असलेल्या, मूळच्या चौसाळ्याच्या एका तरुणाचे पत्र आले. सर्व ज्येष्ठांना सविनय जयभीम करून त्याने लिहिले होते, की आम्ही चौसाळ्याच्या डायस्पोरातील मंडळी गावच्या कार्यास यथाशक्ती हातभार लावू इच्छितो. पत्राचे वाचन बैठकीत चालले होते. एका वयोवृद्ध उपासकांनी मध्येच हात वर करून विचारले, "कोणाची पोरं म्हणतोय तो?"

बैठकीत हशा पिकला. परंतु हसणाऱ्यांपैकी एकालाही त्या शब्दाचा नेमका अर्थ सांगता येईना. कोणी म्हणाले, परदेशात गेलेले भारतीय. कोणी म्हणाले, निर्वासित. एका शिक्षक बंधूंनी 'विखुरलेले लोक' असा अर्थ सांगितला, तो बहुतेकांना पटला. तेवढ्यात मागे बसलेल्या एका उपासिकेने विचारले, "माझा भाऊ ऊस तोडायला गेला, तो तिकडंच कर्नाटकात राहिला. वीस वर्षं झाली. मग तो ह्या शब्दात बसतो का?"

या प्रश्नावर मात्र कोणी हसले नाही आणि उत्तरही कोणाजवळ नव्हते. स्मरणिकेच्या शेवटी गावाबाहेरील आपल्या माणसांची यादी छापावयाची असे ठरलेले होते. त्या यादीत कोणाचे नाव घ्यावयाचे, हा प्रश्नही याच शब्दापाशी येऊन अडला. म्हणून आम्ही कोश पाहिले, जाणकारांशी बोललो आणि जे समजले ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

शब्दाचे मूळ

'डायस्पोरा' हा शब्द इंग्रजीत चालत असला तरी तो मूळचा ग्रीक आहे. त्याचे दोन भाग आहेत. 'दिया' म्हणजे आरपार, सर्वदूर आणि 'स्पेइरो' म्हणजे मी पेरतो. दोन्ही मिळून अर्थ होतो, सर्वदूर पेरणे. आपल्या मुलांच्या विज्ञानाच्या पुस्तकात बुरशी आणि नेचे यांच्या पाठात 'बीजाणू' हा शब्द येतो. त्याला इंग्रजीत 'स्पोर' म्हणतात. तो 'स्पोर' आणि डायस्पोरातील 'स्पोर' एकाच घराण्यातले आहेत. तुरळक, इकडे एक तिकडे एक अशा अर्थाचा 'स्पोरॅडिक' हा शब्दही त्यांचाच भाऊबंद होय. वनस्पतिशास्त्रात तर झाडापासून दूर जाऊन रुजणाऱ्या बीला, त्याच्या कवचासह अथवा पंखासह, 'डायस्पोर' असेच नाव आहे.

म्हणजे आमच्या वयोवृद्ध उपासकांचा प्रश्न अगदीच गैरलागू नव्हता. बी आणि पोर यांचे नाते आपल्या भाषेलाही ठाऊक आहे.

विखुरणे या अर्थाचे आणखी काही इंग्रजी शब्द शेतातूनच आलेले आहेत. 'डिसेमिनेट' म्हणजे प्रसार करणे, त्याच्या पोटात लॅटिन भाषेतील 'बी' या अर्थाचा शब्द आहे. आकाशवाणीच्या प्रक्षेपणास इंग्रजीत 'ब्रॉडकास्ट' म्हणतात. त्याचा जुना अर्थ मुठीने बी फोकून पेरणे असाच आहे. शेतकऱ्याला हे सांगावयास नको, की तिफणीने चाड्यावर मूठ धरून पेरलेले बी तासात, ओळीने पडते. फोकलेले बी कोठेही पडते. काही ढेकळावर, काही बांधावर, काही वाटेवर पडते आणि काही पाखरे टिपतात. परंतु दोन्हींमागे पेरणाऱ्याचा हात असतो. वावटळीने खळ्यावरचे धान्य उडून गेले तर त्यास पेरणी म्हणत नाहीत. डायस्पोरा या शब्दाचा सारा इतिहास या दोहोंच्या मधला आहे.

हा शब्द वापरावा कसा?

इंग्रजीत याचा उच्चार 'डाय-ॲस्-प-रा' असा, दुसऱ्या अक्षरावर जोर देऊन करतात. मराठीत 'डायस्पोरा' हेच रूप रुळलेले आहे व ते चालते. वापरताना तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

पहिली, हा समूहवाचक शब्द आहे. 'समाज', 'जमाव', 'टोळी' या शब्दांप्रमाणे तो अनेकांना मिळून लागतो. एकटा माणूस डायस्पोरा होत नाही. म्हणून 'मी डायस्पोरा आहे' हे चूक, 'मी डायस्पोरातला आहे' हे बरोबर. आमच्या तरुण मित्राने ही चूक केलेली नाही, हे नमूद करावयास हवे.

दुसरी, हा शब्द विखुरलेल्या लोकांना लागतो, तसाच विखुरण्याच्या क्रियेलाही लागतो आणि ते लोक ज्या ज्या ठिकाणी राहतात त्या प्रदेशालाही लागतो. वाक्य पाहूनच अर्थ घ्यावा लागतो.

तिसरी, तो नेहमी कोठून तरी असतो. 'आर्मेनियन डायस्पोरा', 'आफ्रिकन डायस्पोरा', 'मराठी डायस्पोरा' असे म्हणावे लागते. मूळ गाव सांगितल्यावाचून शब्दाला अर्थ येत नाही. 'स्थलांतरित' म्हटले की माणूस कोठे गेला हे पाहिले जाते. 'डायस्पोरा' म्हटले की तो कोठून गेला आणि अजून कशाला धरून आहे, हे पाहिले जाते.

ज्यू लोकांची कथा आणि आपले कोकण

हा शब्द प्रथम ज्यू लोकांच्या बाबतीत रूढ झाला. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकापासून इजिप्तमधील अलेक्झांड्रिया येथे त्यांच्या हिब्रू धर्मग्रंथांचे ग्रीक भाषांतर होऊ लागले. त्यात परमुलखांत पांगलेल्या ज्यूंसाठी हा शब्द आला. त्याआधीच इसवी सनापूर्वी सहाव्या शतकात बॅबिलोनच्या राजाने जेरुसलेम पाडून तेथील लोकांना धरून नेले होते. पुढे इसवी सन 70 मध्ये रोमन सैन्याने त्यांचे दुसरे मंदिर उद्ध्वस्त केले. ज्यूंच्या स्वतःच्या भाषेत या अवस्थेला 'गालुत' असा कडू शब्द आहे. त्याचा अर्थ हद्दपारी. पेरणी आणि हद्दपारी हे दोन अर्थ अशा रीतीने एकाच लोकांच्या माथी आले.

याच लोकांपैकी काही जण आपल्या कोकणात आले आणि मराठी झाले. त्यांना बेने इस्राएल म्हणतात. त्यांच्यातील परंपरा अशी, की फार पूर्वी अलिबागजवळ नवगाव येथे एक जहाज फुटले, त्यातून सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या आणि त्यांच्यापासून वंश वाढला. ते तेलाचे घाणे चालवीत व शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून गावकरी त्यांना 'शनवार तेली' म्हणू लागले. भाषा मराठी, नेसणे मराठी, आणि आडनावे गावांवरून पेणकर, रोहेकर, दिवेकर, केहिमकर अशी. 1796 मध्ये सॅम्युएल दिवेकर यांनी मुंबईत त्यांचे पहिले प्रार्थनामंदिर उभारले. ग्रंथ हाती नव्हते, भाषा विसरली गेली होती, पण शनिवार सुटला नाही. एका बंद घाण्याने शेकडो वर्षे त्यांची ओळख राखली.

1948 मध्ये इस्राएल देश स्थापन झाल्यावर यांतील बहुसंख्य लोक तिकडे गेले. आपण डायस्पोरातून घरी परतलो, अशी त्यांची समजूत होती. तेथे त्यांना निराळाच अनुभव आला. तुम्ही खरे ज्यू कशावरून, असा प्रश्न तेथील धर्माधिकाऱ्यांनी विवाहाच्या वेळी उपस्थित केला आणि पूर्वजांची चौकशी करावी असे फर्मान निघाले. बेने इस्राएलांनी त्याविरुद्ध सत्याग्रह केला. अखेर 1964 मध्ये तेथील संसदेने त्यांच्या बाजूने ठराव केला. त्याच देशात पुढे त्यांनी 'मायबोली' या नावाचे मराठी नियतकालिक काढले. ज्यांना कोकणात ज्यू डायस्पोरा म्हटले जाई, ते इस्राएलात मराठी डायस्पोरा झाले. पेणकरांचे पेण आता हजारो मैल दूर आहे, आडनावात मात्र ते शिल्लक आहे.

हे उदाहरण आम्ही जरा विस्ताराने दिले, कारण या शब्दाचे मर्म त्यात आहे. नुसते पांगल्याने डायस्पोरा होत नाही. काहीतरी धरून ठेवावे लागते.

आपल्या भाषेतील शब्द

मराठीत या अर्थाला शब्द नाहीत असे नव्हे. उलट ते पुष्कळ आहेत व प्रत्येकाची छटा वेगळी आहे.

'पांगणे' हा सर्वांत साधा. बाजार पांगतो, शेरडे पांगतात, आभाळ पांगते. यात दुःख नाही. 'विखुरणे' यात एकत्र असलेले सुटे होणे आहे. 'उधळणे' यात कोणाचा तरी हात आहे, अथवा बैलाचा पिसाट वेग आहे. 'दाणादाण' हा शब्द फौजेच्या पराभवास लागतो, पण त्यात दाणाच आहे. 'वाताहत' म्हणजे वाऱ्याने मारलेले. 'परागंदा' हा शब्द फारसीतून आला. तेथे त्याचा अर्थ नुसता 'विखुरलेला' असा आहे. मराठीत तो जीव वाचविण्यासाठी घरदार सोडून गेलेल्या माणसास लागू लागला. 'देशोधडीस लागणे' यात घर, शेत, पत सर्वच जाते.

या शब्दांची यादी वाचताना एक गोष्ट ध्यानात येते. 'पांगणे' सोडल्यास यांतील बहुतेक शब्द नुकसानीचे आहेत. माणूस गावाबाहेर गेला म्हणजे काहीतरी मोडले, असा आपल्या भाषेचा अनुभव आहे. तो खोटा नाही. मराठवाड्यात तो वारंवार आलेला आहे. 1972 च्या दुष्काळात माणसे खडी फोडावयास गेली, मुंबई-पुण्याच्या झोपडपट्ट्यांत गेली आणि त्यांतील अनेक परतली नाहीत. 27 जुलै 1978 रोजी मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळाने केला. त्यानंतर मराठवाड्यातील अनेक खेड्यांत आपल्या लोकांची घरे जाळली गेली आणि कुटुंबेच्या कुटुंबे गाव सोडून गेली. ती माणसे पांगली नाहीत, परागंदा झाली. 14 जानेवारी 1994 रोजी विद्यापीठाचा नामविस्तार झाला, परंतु जळालेल्या घराच्या जागी पुन्हा घर बांधण्यास सर्वच काही आले नाहीत. तेव्हा अशा ठिकाणी 'डायस्पोरा' हा गुळगुळीत शब्द वापरून जे घडले ते झाकू नये. पळवून लावलेल्यास पेरलेला म्हणता येत नाही.

तथापि 'डायस्पोरा' या शब्दात जो दुसरा अर्थ आहे, रुजण्याचा, त्याला मराठीत एक नेमका शब्द सापडत नाही. म्हणून तो शब्द घ्यावा लागतो.

शब्द पसरला कसा?

बराच काळ हा शब्द मुख्यतः ज्यूंपुरता होता. 1915 पासूनच्या कत्तलींनंतर जगभर पांगलेल्या आर्मेनियन लोकांनाही तो लागू लागला. गुलाम करून अमेरिकेत नेलेल्या आफ्रिकी लोकांच्या वंशजांसाठी तो विसाव्या शतकाच्या मध्यास रूढ झाला. मग त्याचा वापर इतका वाढला की अभ्यासकांना कसोट्या घालाव्या लागल्या. 1991 मध्ये विल्यम सॅफ्रन या अमेरिकन अभ्यासकाने अशा कसोट्या मांडल्या. त्यांचा सारांश असा सांगता येईल, की लोक एका मूळ ठिकाणाहून दोन वा अधिक ठिकाणी गेलेले असावेत, मूळ ठिकाणाची आठवण त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जपलेली असावी, नव्या ठिकाणी आपण पुरते सामावलो नाही ही जाणीव असावी आणि मूळ ठिकाणाशी नाते चालू असावे. 1997 मध्ये रॉबिन कोहेन यांनी डायस्पोराचे प्रकार पाडले. पीडितांचा, मजुरांचा, व्यापाऱ्यांचा, राज्यकर्त्यांचा असे ते प्रकार होत.

आपल्या मराठी लोकांत यांतील बरेच प्रकार आढळतात. सतराव्या शतकात व्यंकोजीराजांबरोबर तंजावरास गेलेली आणि आजही घरात जुन्या वळणाची मराठी बोलणारी कुटुंबे हा राज्यकर्त्यांबरोबर गेलेल्यांचा प्रकार. 1834 पासून मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांवर गिरमिट करून हिंदुस्थानातील मजूर नेले जाऊ लागले. त्यांत कोकणातून मुंबईमार्गे गेलेले मराठी लोकही होते. त्यांचे वंशज आज मॉरिशसमध्ये आहेत व तेथील शाळांतून मराठी शिकविली जाते. हा मजुरांचा प्रकार.

भारत सरकारनेही हा शब्द उचलला. 2000 साली लक्ष्मीमल्ल सिंघवी यांच्या अध्यक्षतेखाली भारतीय डायस्पोराविषयी उच्चस्तरीय समिती नेमली गेली. तिने 2002 च्या जानेवारीत अहवाल दिला आणि 2003 पासून 9 जानेवारी हा प्रवासी भारतीय दिवस म्हणून पाळला जाऊ लागला. तेव्हापासून वर्तमानपत्रांत 'डायस्पोरा' म्हटले की विमानाने गेलेला, डॉलर पाठविणारा माणूस डोळ्यांपुढे येतो. मॉरिशसला गेलेला माणूस ऊसच तोडावयास गेला होता, हे त्यात विसरले जाते.

चौसाळ्याहून गेलेले

आता त्या उपासिकेच्या प्रश्नाकडे येऊ.

आपल्या बीड जिल्ह्यातून दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास लाखो माणसे ऊसतोडीस जातात. नवरा-बायकोच्या जोडीला मिळून 'एक कोयता' म्हणतात. मुकादमाकडून उचल घ्यावयाची, बिऱ्हाड गाडीत अथवा ट्रॅक्टरात भरावयाचे आणि कोल्हापूर, सांगली, सातारा, पुणे, सोलापूर येथे किंवा कर्नाटकात बेळगाव-बागलकोटकडे कारखान्यावर जावयाचे. तेथे कोप्या घालून राहावयाचे, पहाटे फडात उतरावयाचे, उचल फिटेपर्यंत तोडावयाचे आणि उन्हाळ्याच्या तोंडी परतावयाचे. मुले बरोबर गेली तर शाळा बुडते, मागे ठेवली तर म्हाताऱ्यांच्या गळ्यात पडतात.

कोशाप्रमाणे हे लोक डायस्पोरा नव्हेत. ते परततात. जो दरवर्षी परततो त्याला हंगामी स्थलांतरित म्हणतात. त्याचे घर, मत, रेशन कार्ड सारे येथेच असते. त्याला पांगलेला म्हणून यादीत टाकणे म्हणजे तो गावचा नाही असे म्हटल्यासारखे होईल. त्याचे नाव बाहेरच्यांच्या यादीत नव्हे, गावच्या यादीतच हवे, मग तो सहा महिने कोठेही असो. विहाराच्या सभेस तो हजर नसतो याचे कारण त्याची अनास्था नसून फडातला ऊस आहे, हे आम्ही मंडळींनी समजून घ्यावयास हवे. आपले कार्यक्रम बहुतेक त्याच महिन्यांत होतात.

परंतु त्या उपासिकेचा भाऊ परतला नाही. तो तिकडेच राहिला, तेथे त्याची मुले वाढली, कन्नड बोलू लागली. त्याच्यासारखे आणखीही असणार. कोणी वाळूजच्या कारखान्यांत, कोणी पुण्यात बांधकामावर, कोणी मुंबईत गोवंडी-चेंबूरला. धुळे-सोलापूर महामार्ग गावावरूनच जातो. कोणी त्या रस्त्याने उत्तरेकडे गेला, कोणी दक्षिणेकडे. या सर्वांना मिळून चौसाळ्याचा डायस्पोरा म्हणता येईल काय? शब्दाच्या मूळ अर्थाने नक्कीच म्हणता येईल. त्यात परदेशाची अट नाही, पगाराची तर मुळीच नाही. अट एवढीच, की ते एकमेकांना आणि गावाला ओळखत असावेत. त्या भावाच्या मुलांना चौसाळा हे नाव ठाऊक असेल, बापाच्या तोंडून येथली एखादी गोष्ट त्यांनी ऐकली असेल, तर ते त्यात आहेत. ठाऊक नसेल, तर दोष त्यांच्याइतकाच येथे राहिलेल्या आपलाही आहे.

बी कोणते गेले?

पेरणीच्या उपमेस आणखी एक बाजू आहे. वारा बी निवडून नेत नाही. 1950 च्या दशकात पुण्याजवळ प्रथम दिसलेले गाजरगवत आज चौसाळ्याच्या बांधावरही आहे. ते परदेशी गव्हाबरोबर आले असे सांगतात. माणसे पांगतात तेव्हा त्यांच्याबरोबर चांगले जाते, तसे वाईटही जाते.

9 मे 1916 रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जातिसंस्थेवर आपला निबंध वाचला. तेव्हा ते पंचवीस वर्षांचे होते. त्या निबंधात त्यांनी ज्ञानकोशकार श्रीधर व्यंकटेश केतकर यांचा एक विचार उद्धृत केला आहे. त्याचा आशय असा, की हिंदू जर पृथ्वीच्या इतर भागांत जाऊन राहू लागले तर जात हा साऱ्या जगाचा प्रश्न होईल. शंभर वर्षांनी तेच झाले. 21 फेब्रुवारी 2023 रोजी अमेरिकेतील सिएटल शहराच्या नगर परिषदेने जातीवरून भेदभाव करण्यास कायद्याने बंदी केली. असे करणारे ते अमेरिकेतील पहिले शहर ठरले. येथून सात समुद्र ओलांडून गेलेल्यास तेथेही आडनाव विचारले जाते, म्हणून हा कायदा करावा लागला.

तेव्हा 'भारतीय डायस्पोरा' हा एक अखंड समाज आहे असे समजू नये. त्यात फोकलेले बी एका जातीचे नाही.

धम्म आणि पांगणे

शेवटी, आपल्या परंपरेतील एक गोष्ट. वाराणसीजवळ इसिपतन येथे पहिले साठ भिक्खू तयार झाल्यावर तथागतांनी त्यांना एकत्र ठेवले नाही. त्यांना लोकांच्या हितासाठी निरनिराळ्या दिशांस पाठविले आणि दोघांनी एका वाटेने जाऊ नये असे बजावले. वाटा जितक्या अधिक तितकी माणसे अधिक भेटतील, हा त्यातील हिशेब. येथे पांगणे हे संकट नसून काम आहे. पुढे सम्राट अशोकाच्या काळी पाटलिपुत्राच्या संगीतीनंतर मोग्गलिपुत्त तिस्स यांनी नऊ ठिकाणी थेर पाठविले. महावंसात त्यांची नावे आहेत. त्यांपैकी महाधम्मरक्खित महारट्ठात, म्हणजे आपल्याकडे आले. आपल्या शेजारच्या धाराशिव जिल्ह्यातील तेर हे प्राचीन तगर. तेथील त्रिविक्रमाचे विटांचे मंदिर मुळात बौद्ध चैत्यगृह होते असे अभ्यासक मानतात. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी या मातीत जे आले, ते कोणी तरी आपले गाव सोडून निघाले म्हणूनच आले.

बोधिवृक्षाचेही तसेच. त्याची फांदी संघमित्रेने श्रीलंकेत अनुराधपुरास नेली. तेथे तो वाढला. गयेचा मूळ वृक्ष पुढे नष्ट झाला व पुन्हा लावला गेला. अनुराधपुरास गेलेली परंपरा मात्र टिकली. नागपूरच्या दीक्षाभूमीवरील बोधिवृक्ष भदन्त आनंद कौसल्यायन यांनी त्या अनुराधपुराहूनच आणलेल्या फांद्यांपासून लावलेला आहे. जे बाहेर गेले होते, त्यानेच परत येऊन येथे सावली धरली. पिंपळाचे फळ पाखरे खातात आणि बी कोठल्या तरी भिंतीच्या फटीत पडते. लोक त्यास उपटून टाकतात, तरी ते उगवते. हा डायस्पोराचा अर्थ आपल्याला कोशावाचूनही कळण्यासारखा आहे.

मात्र एक फरक विसरू नये. भिक्खूंना पाठविले होते, ऊसतोड्याला उचलीने ओढून नेले. एकास पेरणी म्हणता येईल, दुसऱ्यास म्हणता येणार नाही. ओढून नेलेल्याचीही पेरणी व्हावयाची असेल, तर त्यास मागे राहिलेल्यांनी धरून ठेवावे लागते. त्याच्या मुलाला शाळेचा दाखला मिळवून देणे, मयत झाल्यास कळविणे, विवाहास जाणे, वर्षातून एक पत्र अथवा फोन करणे, ही कामे लहान दिसतात. बेने इस्राएलांचा शनिवारचा बंद घाणाही लहानच होता.

असो. संपादक मंडळाने हे सर्व ध्यानी घेऊन यादीपुरता एक निर्णय केला आहे. यादीच्या पहिल्या कच्च्या प्रतीत नाव, हुद्दा व शहर असे तीन रकाने होते. हुद्द्याचा रकाना असल्यामुळे नोकरदार मंडळीच तीत आली होती. आता तो रकाना काढून तेथे 'गाव कधी सोडले' आणि 'गावात कोण आहे' असे दोन रकाने घातले आहेत. परदेशातील त्या तरुणाचे नाव त्यात आहे आणि कर्नाटकातील त्या भावाचेही आहे. दोघेही चौसाळ्याचे. एकाने आपण होऊन पत्र लिहिले, दुसऱ्याची चौकशी बहिणीने केली.

यादी अर्थातच अपुरी आहे. वाचकांनी आपापल्या घरातून गेलेल्या माणसांची नावे, ती कोठेही आणि कोणत्याही कामावर असोत, समितीकडे द्यावीत, ही नम्र विनंती. ज्याचे नाव घेण्यास येथे कोणी उरले नसेल, अशांची आठवण शेजाऱ्यांनी करावी.

जयभीम!